वेलीने वळविलेली काठी : परिसरातील एक वस्तुपाठ



आरमोरी तालुक्यातील कोणत्याही गावात घरामागे रचलेले सरपण पाहिले, तर त्यात अधूनमधून एखादी विलक्षण काठी दृष्टीस पडते. कोणी तिच्याभोवती दोर घट्ट गुंडाळून ठेवला असावा, अशी खोल खाच बुडापासून शेंड्यापर्यंत फिरत गेलेली असते, आणि दोन खाचांमधील लाकूड फुगून दोरखंडाच्या पेडासारखे दिसते. सरळ काठी कुंपणाला, दांड्याला किंवा माळ्याला उपयोगी पडते म्हणून वेगळी काढली जाते. ही पीळ पडलेली काठी मात्र कशातच नीट बसत नाही, म्हणून ती सर्वांआधी चुलीत जाते.

आपल्या वर्गातील मुले ही काठी रोज पाहतात. तिला हा पीळ कोणी घातला, हे विचारल्यास बहुतेक मुले 'वेलीने' असे उत्तर बरोबर देतील. परंतु वेलीने तो कसा घातला, झाड मेले का नाही, आणि अशा काठीचे पुढे काय करता येईल, हे प्रश्न विचारले की उत्तरे थांबतात. प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या तीन प्रश्नांचा विचार करणे हा आहे. विज्ञान, हस्तव्यवसाय आणि परिसराचा इतिहास ह्या तिन्हींचा मेळ घालणारी, विनामूल्य मिळणारी व प्रत्येक घरी असलेली अशी दुसरी वस्तू सहसा सापडणार नाही.

१. आपला मुलूख आणि त्यातील वेली

वैनगंगेच्या काठचा हा भाग झाडीपट्टी ह्या नावाने ओळखला जातो. आरमोरी पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यापासून ते ह्या जिल्ह्यात आहे. येथील अरण्य पानगळीचे आहे. साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, तिवस, धामण अशी झाडे आणि त्यांच्या जोडीला बांबू, हे त्याचे मुख्य स्वरूप होय. पावसाळ्यात अशा अरण्यात उजेडासाठी मोठी चढाओढ लागते. झाड आपल्या खोडाच्या बळावर उंच जाते. वेल तेवढे लाकूड तयार करण्याच्या भरीस पडत नाही. ती दुसऱ्याच्या खोडाचा आधार घेऊन थोडक्या खर्चात उजेडापर्यंत पोहोचते.

आधार घेण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. दोडका व कारले ह्यांच्या वेली कुरळ्या धाग्यांनी, म्हणजे प्रतानांनी, आधार पकडतात. आपल्या अरण्यातील माहुलची प्रचंड वेलही मुख्यतः प्रतानांच्या साहाय्याने चढते. शिकेकाई व चिलार ह्या आपल्या काट्यांनी अडकत अडकत वर जातात. काही वेली खोडाला मुळे चिकटवून चढतात. चौथा प्रकार मात्र असा की, त्यात वेलीचे खोडच आधाराभोवती गुंडाळत जाते. पळसवेल, गुंज, गोकर्ण, घेवडा ही ह्या प्रकाराची उदाहरणे होत. काठीला पीळ पडतो तो प्रामुख्याने ह्या चौथ्या प्रकारच्या वेलींमुळे; आणि त्यातही जिचे खोड वर्षानुवर्षे टिकते व लाकडासारखे कठीण होते, अशा पळसवेलीसारख्या वेलींमुळे. घेवड्याची वेल एका हंगामात वाळून जाते, म्हणून ती आधारावर कायमची खूण ठेवीत नाही.

२. वेल आधार कसा शोधते

वेलीला डोळे नाहीत; तरी ती जवळची काठी नेमकी गाठते, ह्याचे मुलांना मोठे नवल वाटते. ह्याचा छडा चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने लावला. १८६५ साली त्याने आरोही वनस्पतींच्या हालचालींवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. वेलीचा कोवळा शेंडा सरळ वाढत नसून वर्तुळाकार फिरत राहतो, हे त्याने पुष्कळ जातींवर वेळ मोजून दाखविले. उष्ण हवेत हॉप ह्या वेलीच्या शेंड्याला एक फेरा पुरा करण्यास सरासरी २ तास ८ मिनिटे लागतात, असे त्याने नोंदविले आहे. फिरता फिरता शेंडा एखाद्या उभ्या काठीला अडला की त्याचा अडलेला भाग थांबतो, परंतु पुढचा भाग फिरतच राहतो. आणि त्यायोगे वेल काठीभोवती आपोआप गुंडाळली जाते. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाचा हात खांबाला लागावा, तसाच हा प्रकार आहे.

ह्या रीतीला एक मर्यादा आहे. शेंड्याच्या फेऱ्यापेक्षा आधार फार जाड असेल तर वेलीला त्याभोवती वळता येत नाही. म्हणून गुंडाळणारी वेल मोठ्या वृक्षाच्या बुंध्यावर सहसा थेट चढत नाही. ती आधी अंगठ्याएवढे जाड रोपटे किंवा तोडलेल्या झाडाचा फुटवा गाठते. पिळाच्या काठ्या दाट अरण्याच्या पोटात कमी आणि अरण्याच्या कडेला, वाटेच्या बाजूस व फुटव्यांच्या रानात अधिक आढळतात, ह्याचे कारण हेच होय.

पिळाची दिशा हाही एक मनोरंजक विषय आहे. काठी उभी धरून समोरून पाहावी. खाच डावीकडून खालून निघून उजवीकडे वर जात असेल, तर तो पीळ नेहमीच्या मळसूत्राच्या आट्यांसारखा, म्हणजे उजवा होय. ह्याच्या उलट जात असेल तर तो डावा. जगातील निरनिराळ्या अरण्यांतील वेलींची पाहणी करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ९२ टक्के वेली उजव्या पिळाच्या आढळल्या. विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस हे प्रमाण बदलत नाही. म्हणून पृथ्वीच्या फिरण्यामुळे किंवा सूर्याच्या मार्गामुळे वेली वळतात, हा समज टिकत नाही. दिशा ही त्या त्या जातीचा वारसा आहे. कोनफळ आणि करांदा हे एकाच कुळातील कंद. परंतु त्यांच्या वेली परस्परविरुद्ध दिशांनी वळतात. परसात ह्या दोन्ही वेली असतील तर मुलांना शेजारीशेजारी उभे करून हा फरक दाखवावा. वेल उलटी गुंडाळून बांधली तर काय होते, हेही मुलांना करून पाहू द्यावे. वेलीचा नवा शेंडा पुन्हा आपल्याच दिशेने वळू लागतो.

३. पीळ कसा पडतो

वेल अजगराप्रमाणे झाडाला आवळते व त्यामुळे खाच पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. वेलीच्या विळख्यात थोडा ताण असतो. परंतु खोल खाच पडते ती मुख्यतः झाडाच्या स्वतःच्या वाढीमुळे. वेल आपल्या जागी राहते आणि झाड तिच्याभोवती जाड होत जाते.

हे समजण्यासाठी खोडाची रचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. सालीच्या आतील भागात रसवाहिन्या असतात. पानांनी तयार केलेले अन्न त्यांतून खाली मुळांकडे जाते. साल आणि लाकूड ह्यांच्यामध्ये वाढीचा एक पातळ जिवंत थर असतो. तो आतील बाजूस नवे लाकूड व बाहेरील बाजूस नवी साल तयार करतो. लाकडातील जलवाहिन्यांतून मुळांनी शोषलेले पाणी वर चढते. ज्या ठिकाणी वेल सालीवर टेकलेली असते, त्या ठिकाणी खोडाला बाहेर वाढण्यास वाव मिळत नाही आणि तेथील रसवाहिन्या दबून जातात. वरून येणारे अन्न तेथे अडते व वेलीच्या वरच्या कडेस साचते. जेथे अन्न अधिक, तेथे लाकूड अधिक; म्हणून वेलीच्या वरच्या बाजूला जाड फुगवटा येतो आणि खालची बाजू तुलनेने कृश राहते.

आपल्यातील पुष्कळांनी डाळिंबाची किंवा पेरूची गुटी बांधलेली असेल. फांदीची साल वाटोळी काढली की त्या कापाच्या वरच्या कडेला गाठ येते आणि तेथेच मुळे फुटतात. खालच्या कडेला फुटत नाहीत. ह्याचे कारणही अन्नाचा प्रवाह वरून खाली येताना अडणे, हेच आहे. इटलीतील मालपीगी ह्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच सालीचे कडे काढून कापाच्या वर येणारी ही सूज पाहिली होती. गावातील माळ्याला मात्र हे त्याच्या कामातून ठाऊक असते.

आता ह्या सर्व विवेचनातील मुख्य गोष्ट. साल जर पूर्ण वर्तुळात दबली किंवा कापली गेली, तर अन्नाचा मार्ग सर्व बाजूंनी बंद होतो, मुळे उपाशी पडतात आणि झाड कालांतराने मरते. कुंपणाची तार झाडाभोवती बांधून विसरली, की झाड वाळते ते ह्यामुळेच. परंतु वेलीचा विळखा वर्तुळ नसतो. तो चढता पीळ असतो. दोन वेढ्यांच्या मध्ये सालीची एक अखंड पट्टी उरते, आणि ती शेंड्यापासून बुडापर्यंत फिरत फिरत उतरते. अन्न सरळ खाली येऊ शकत नाही, पण ह्या वळणाच्या वाटेने येऊ शकते. ते त्या वाटेने येऊ लागते, आणि नव्याने तयार होणारे लाकूडही त्याच वळणाच्या दिशेने आपले तंतू मांडते. काठीला पीळ पडला, ह्याचा अर्थ झाडाने बंद झालेल्या सरळ वाटेऐवजी वाकडी वाट काढली व ते जगले. घाटातील रस्ता चढ टाळण्यासाठी जसा वळसे घेतो, तसेच हे आहे.

खाच ठसठशीत होण्यास निदान दोन-तीन पावसाळे तरी वेल जागेवर राहावी लागते. पुढे वेल फार जाड झाली, किंवा फुगवटे वाढून एकमेकांना भिडले, तर कधी झाड वेलीला आपल्या लाकडात गिळून टाकते, तर कधी झाडच उजेडाअभावी खुंटते. आपल्याला मिळते ती काठी ह्या झुंजीच्या मधल्या टप्प्यावर थांबलेली असते.

४. काठी वाचावी कशी

अशी काठी हाती आली, की ती चुलीत जाण्यापूर्वी मुलांकडून पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, झाडावर असताना काठीचे वरचे टोक कोणते होते? खाचेची जी कडा अधिक फुगलेली असेल, ती वरची बाजू. शेंडा व बूड दोन्ही तुटलेले असले तरी एवढ्या खुणेवरून काठी उभी कशी होती हे सांगता येते.

दुसरी गोष्ट, पीळ उजवा की डावा? गावातून दहा-पंधरा काठ्या जमल्या, तर त्यांची मोजणी करून फळ्यावर तक्ता मांडावा. वेल कोणत्या जातीची होती हे सांगणारी ती एक खूण ठरते.

तिसरी गोष्ट, वेल झाडावर केव्हा आली? काठी सागाची असेल तर हे समजण्याची उत्तम सोय आहे. सागाच्या लाकडात वर्षावर्षाची वलये स्पष्ट दिसतात. काठी आडवी कापून टोक घासून गुळगुळीत करावे. मधली वलये वाटोळी असतात. एका ठिकाणापासून ती एका बाजूला दबलेली दिसू लागतात. जेथून ती दबली, त्या वर्षापासून वेलीचा अंमल सुरू झाला. बाहेरची उरलेली वलये मोजली की वेल व झाड किती पावसाळे एकत्र होते ते कळते. सहावी-सातवीच्या मुलांना हे काम चांगले जमते, आणि कागदाशिवाय लिहिलेला इतिहास म्हणजे काय, हे त्यांना आपण होऊन समजते.

चौथी गोष्ट, हा पीळ खरोखर वेलीचाच आहे काय? काही झाडांच्या लाकडात तंतूच जन्मतः तिरपे फिरलेले असतात. तेथे बाहेर खाच नसते. परंतु लाकूड फोडताना चीर वळत जाते. इंग्लंडमध्ये १८६३ च्या सुमारास सापडलेले वेड्यावाकड्या फांद्यांचे हेझल हे झाड जन्मतःच तसे वाढते. त्याच देशात हनीसकल ह्या वेलीने साध्या हेझलच्या काठीला घातलेला पीळ हा निराळा प्रकार होय, आणि तेथील काठ्या बनविणारे कारागीर अशा काठ्या शोधून जपतात. आपल्या पळसवेलीचे काम आणि त्या हनीसकलचे काम एकाच जातीचे आहे. फरक एवढाच, की हनीसकलचा पीळ डावा असतो.

५. लाकूडकामातील उपयोग व मर्यादा

नैसर्गिक वळणाचे मोल आपल्या सुतारांना, ज्यांना आपल्या भागात वाढई म्हणतात, परंपरेने ठाऊक आहे. लाकडी नांगराचे खोड ते सरळ ओंडक्यातून वाकडे कापून काढीत नसत. बाभळीचे मुळातच वाकलेले लाकूड शोधून आणीत. सरळ लाकडातून वाकडा आकार कापला तर तंतू मधेच तुटतात आणि जोर पडताच तेथे चीर जाते. मूळच्या वाकड्या लाकडात तंतू वळणाबरोबर वळलेले असतात. पिळाच्या काठीलाही हाच न्याय लागू होतो. कातारी चरकावर खांबाला सुंदर पीळ कोरतो, तेव्हा प्रत्येक खाचेत तंतू तुटतात. वेलीने घातलेल्या पिळात ते बहुतांशी तुटत नाहीत, वळतात.

तथापि ह्यावरून पिळाची काठी वाटेल त्या कामास चालते, असे समजू नये. खाचेच्या तळाशी लाकूड बारीक असते, कधी आत साल अडकून राहिलेली असते, आणि तडाखा बसल्यास काठी तेथेच मोडते. म्हणून कुऱ्हाड, कुदळ, फावडे ह्यांचे दांडे अशा काठीचे कधीही करू नयेत. त्यासाठी धावड्याचे सरळ व चिवट लाकूडच हवे. कावडीला धामणाचे लवचीक लाकूड हवे. ज्यावर माणूस उभा राहणार अशा शिडीला किंवा पलंगाच्या पायालाही पिळाची काठी लावू नये. हातात धरावयाची काठी, छत्रीची मूठ, दिव्याचा उभा दांडा, कपडे अडकविण्याची खुंटी, देवघराच्या चौकटीचे लहान खांब, पडद्याची दांडी, कठपुतळीतील साप, अशा हलक्या कामांस ती शोभते.

काठी तयार करण्याची रीत सोपी आहे, परंतु तिला धीर लागतो.

ओली काठी प्रथम सावलीत, वाऱ्यावर, आडवी टांगून वाळवावी. उन्हात ठेवल्यास बाहेरचे लाकूड आतल्यापेक्षा आधी आक्रसते व काठी तडकते. लाकडातील पाणी टोकांतून सर्वांत लवकर निघून जाते, म्हणून दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा. अंगठ्याएवढ्या काठीस निदान सहा महिने व मनगटाएवढीस सुमारे एक वर्ष द्यावे. बारीक काठीत पक्के लाकूड थोडे व कोवळे लाकूड फार असते. त्यात साठलेल्या पिष्टमय पदार्थामुळे भुंगेरे लागतात आणि काठीखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. बांबूप्रमाणेच अशी काठी काही दिवस पाण्यात बुडवून ठेवून मग वाळविली, तर कीड कमी लागते.

वेल अजून चिकटलेली असेल, तर ती वाळल्यानंतर सोडवावी. तेव्हा ती सहज सुटते. साल टणक व घट्ट असेल तर ती ठेवण्यास हरकत नाही. सैल असेल तर बोथट सुरीने खरवडून काढावी. खाचेतील साल काढताना बारीक किंकरे वापरावे, पण लाकूड कापू नये. मग जाड व बारीक पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. जवसाचे तेल हवेत वाळून कठीण होते, म्हणून ते येथे योग्य. मात्र तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या तापतात व आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून मग टाकाव्यात. ही सूचना प्रत्येक शिक्षकाने कटाक्षाने पाळावी.

हातातील काठीची उंची ठरविताना माणसाने सरळ उभे राहून हात खाली सोडावा. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर ही योग्य उंची. काठीच्या बुडाला लोखंडी शेंबी किंवा रबरी टोपण बसवावे, म्हणजे ती झिजत नाही व घसरत नाही.

६. काठी कोठून आणावी

ह्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागेल. मुलांना काठ्या आणण्यासाठी अरण्यात पाठवू नये. गेल्या काही वर्षांत आरमोरी, देसाईगंज व ब्रह्मपुरी ह्या परिसरात वाघांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनेक बळी घेतलेला एक वाघ वडसा परिसरात वनखात्याला जेरबंद करावा लागला. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा वावरही ह्या जिल्ह्यात सुरू झाला आहे. सरपणासाठी व मोहफुलांसाठी पहाटे रानात जाणाऱ्या आईवडिलांची चिंता ज्या मुलांना घरी असते, त्यांना शाळेने आणखी एका कामासाठी त्याच वाटेवर धाडणे उचित नव्हे.

त्याची गरजही नाही. काठी घरच्या मोळीतच आहे. मुलांना एवढेच सांगावे, की चुलीत घालण्यापूर्वी सरपण एकदा नजरेखालून घाला आणि पीळ असलेली काठी शाळेत आणा. जिवंत रोपटे ह्या कामासाठी तोडू नये.

अरण्याचा कायदाही मुलांना ह्याच निमित्ताने सांगता येईल. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनातून परवानगीवाचून लाकूड तोडणे हा अपराध आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याने ग्रामस्थांच्या गौण वनोपजावरील हक्कांना मान्यता दिली. बांबू, तेंदूपाने, मध, लाख, कोसा ह्यांच्याबरोबर झुडपी काटक्याही त्या व्याख्येत येतात, इमारती लाकूड येत नाही. आपल्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ह्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तेथील ग्रामसभा त्याचा कारभार पाहते. कोणती काडी आपली व कोणती नव्हे, हे आपल्या ग्रामसभेला विचारून समजून घेणे, हा नागरिकशास्त्राचा धडाच होय.

वेल शत्रू की मित्र, हा वादही वर्गात अवश्य घडवावा. सागाचे सरळ लाकूड हवे असणारा वनाधिकारी वेली तोडण्याची तरतूद करतो, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्य आहे. वेलींच्या भाराने झाडांची वाढ खुंटते. पण माहुलच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण होतात, सालीचे दोर वळतात, बिया भाजून खातात. एकाच वेलीकडे दोन माणसे दोन दृष्टींनी पाहतात, आणि दोघांकडेही कारणे असतात, हे मुलांना समजावे.

७. शाळेत करावयाचा प्रयोग

शाळेच्या कुंपणात सुबाभूळ किंवा निर्गुडी असल्यास तिच्या अंगठ्याएवढ्या जाड तीन फांद्या निवडाव्यात. पहिलीभोवती प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली जाड तार पिळाने गुंडाळावी. दोन वेढ्यांत चार बोटांचे अंतर राखावे. दुसरीभोवती तीच तार एका ठिकाणी कड्यासारखी घट्ट बांधावी. तिसरी तशीच मोकळी ठेवावी. जूनमध्ये आरंभ करून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलांनी तिन्ही फांद्यांचा घेर दोऱ्याने मोजून वहीत लिहावा. दोन पावसाळ्यांत कड्याच्या वरची सूज व पिळाच्या कडेचा फुगवटा ह्यांतील फरक दिसू लागेल. कड्याची फांदी कदाचित वाळेल, पिळाची मात्र तग धरण्याचा संभव अधिक. ह्या वर्षीची चौथी हा प्रयोग सुरू करील आणि पुढील वर्षीची चौथी तो पुरा करील. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या हाती नोंदवही सोपविणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना आपल्याला परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला, आणि ते ठिकाण आपल्याच विदर्भातील आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. गावातील वाढई ह्या कामी आपला सहशिक्षक होऊ शकेल. त्याला मानाने बोलवावे, आणि लाकडाविषयी त्याने सांगितलेले शब्द मुलांनी जसेच्या तसे टिपून घ्यावेत.

८. समारोप

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे अगत्याचे आहे. शाळा आणि काठी ह्यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो अभिमानाचा नाही. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ज्या काठीविषयी आपण येथे बोललो, ती टेबलावर राहील ती अभ्यासासाठी. ती तयार झाली की मुलांनी ती गावातील एखाद्या वृद्ध आजीला किंवा आजोबांना आधारासाठी द्यावी आणि देताना तिची हकिकत सांगावी : वेल केव्हा आली, किती पावसाळे राहिली, आणि झाडाने वाट कशी काढली.

आपल्या वर्गातही अशी मुले असतात, ज्यांची सरळ वाट कोणत्या ना कोणत्या कारणाने अडलेली असते. कोणी शेतीच्या हंगामात गैरहजर राहतो, कोणाची घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून निराळी असते. त्यांची प्रगती वळणे घेत होते, म्हणून आपण तिला वाकडी समजतो व बाजूला सारतो. त्यांच्याकडे पाहताना ह्या काठीची आठवण राहिली, तर वरील प्रयोगाचे श्रम वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.

ज्या शाळांतून हा पाठ घेतला जाईल, त्यांनी जमलेल्या काठ्यांची संख्या, पिळाची दिशा, झाड व वेल ह्यांची स्थानिक नावे आणि फांद्यांच्या घेराच्या नोंदी केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत अवश्य मांडाव्यात.